पिल्लू नंतर बघा, आधी त्याची आई बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बाणेरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात नवरा-बायको, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. मिनिएचर डॅशहाउंड, म्हणजे ठेंगण्या पायांचं, लांब अंगाचं छोटं कुत्रं, घ्यायचं ठरलंय. एका ब्रीडरनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत. पिल्लं ३५ दिवसांची आहेत, ‘गॅरंटी मिनी’ आहेत, पेपरसकट, म्हणजे वंशावळीच्या कागदासकट, एक भाव, पेपरशिवाय दुसरा, आणि त्यातलं ठिपक्यांचं ‘डॅपल’ पिल्लू सगळ्यांत महाग. रविवारपर्यंत टोकन टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं तो म्हणतो. पिल्लात नेमकं काय बघून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

टोकन टाकू नका. बाकीचं सावकाश सांगते.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून मला आता सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं कुत्र्या-मांजरांचाच दवाखाना चालवतेय. पण कुत्रं विकत कसं घ्यावं हे मला कॉलेजनं शिकवलं नाही, आजोबांनी शिकवलं. ते चाकणच्या बाजारात जायचे, पण कालवड बाजारातून कधी आणायचे नाहीत. हेड्यानं, म्हणजे गुरांच्या दलालानं, चार गावांची जनावरं एका दोरीला आणून उभी केलेली असतात, त्यातल्या कालवडीचा तजेला बघून काय कळणार, असं म्हणायचे. कालवड घ्यायची तर तिच्या मालकाच्या गोठ्यात जायचं, दावणीला तिची आई बघायची. कास कशी आहे, चालते कशी, धार काढताना लाथ मारते का, कितवं वेत आहे. कालवडीकडे ते शेवटी बघायचे, तेही उगाच बघितल्यासारखं. खाण तशी माती, हा सगळा हिशोब.

डॅशहाउंडच्या बाबतीत हा हिशोब जास्तच लागू पडतो, कारण तुम्हाला ज्या गोष्टी हव्या आहेत त्यातली एकही पिल्लाच्या अंगावर दिसत नाही. मोठेपणी ते किती लहान राहील, पाठ किती वर्षं साथ देईल, पाहुणा आला की शेपूट हलवेल का पोटरी धरेल, यातलं सात-आठ आठवड्यांच्या पिल्लात काहीही वाचता येत नाही. तेव्हा सगळीच पिल्लं गोड असतात. त्यांचं ते कामच आहे.

आधी ‘मिनी’ या शब्दाचं बघू. आपल्याकडे तो ‘कटिंग’ चहासारखा वापरतात, प्रत्येक टपरीचं माप वेगळं. ही जात जर्मनीतली. डाक्स म्हणजे बॅजर, जमिनीत बिळं खणून राहणारा एक दांडगा प्राणी, आणि हुंड म्हणजे कुत्रा. जर्मन लोक स्वतः मात्र त्याला ‘डॅकेल’ किंवा ‘टेकेल’ म्हणतात, आणि या जातीचा त्यांचा क्लब १८८८ पासून आहे. बॅजरच्या बिळात शिरायला ठेंगणे पाय आणि लांब अंग हवं; सशासारख्या छोट्या शिकारीच्या मागे जायला आणखी बारीक कुत्रा हवा. त्यातून लहान आकार निघाले. म्हणून तिथं आकार किलोत मोजत नाहीत, छातीचा घेर टेपनं मोजतात, कारण बिळात अडकते ती छाती. आणि तो घेर मोजायचा कधी, तर कुत्रा १५ महिन्यांचा झाल्यावर. ब्रिटनमध्ये मिनिएचरचं आदर्श वजन साडेचार किलो आणि फार तर पाच. अमेरिकेतही वर्षाच्या वयाला ११ पौंडांपर्यंत, म्हणजे पुन्हा पाच किलोच. आता ३५ दिवसांच्या पिल्लाची ‘गॅरंटी मिनी’ देणारा माणूस म्हणजे बाळाच्या पाचवीला त्याची उंची सांगणारा माणूस. माझ्याकडे ‘मिनी’ म्हणून येणारी बरीच मंडळी वर्षाची होईपर्यंत सात-आठ किलोंची होतात. त्यात वाईट काही नाही, कुत्रा छानच असतो; फक्त तुम्ही मिनीचे पैसे दिलेले असतात.

मग आकाराचा अंदाज बांधायचा कसा? आई-बापाला वजनकाट्यावर उभं करून. आई साडेचार-पाच किलोंची आणि बापही तसाच असेल, तर पिल्लं त्याच आसपास जातील. बाप ‘दुसऱ्या पार्टीचा’ असेल तर त्याचा पत्ता घ्या, मेटिंग कुठं झालं ते विचारा, फोटो नको, तराजूवरचा व्हिडिओ मागा. आणि कुणी ‘टीकप’, ‘टॉय डॅश’ असलं काही म्हणालं, किंवा ‘कमी खायला घाला, म्हणजे लहान राहील’ असा सल्ला दिला, तर तिथून उठा. कमी खायला घालून कुत्रं मिनी होत नाही, त्याला मुडदूस होऊ शकतो. वाकलेल्या पुढच्या पायांची अशी पिल्लं मी बघितली आहेत, आणि ते बघताना पिल्लाचा राग येत नाही.

आता पाठ. तुम्ही प्रश्नात पाठीबद्दल एक शब्दही विचारलेला नाही, म्हणून इथं थोडी जास्त थांबते.

डॅशहाउंडचे पाय ठेंगणे का? एफजीएफ४ नावाच्या जनुकाच्या जादा प्रती त्याच्या गुणसूत्रांवर जाऊन बसल्या आहेत. त्यातली १२व्या गुणसूत्रावरची प्रत २०१७ साली सापडली, आणि तिचा संबंध पायांच्या ठेंगणेपणाशी आहे तसाच मणक्यांच्या गादीशीही आहे. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तिच्या पोटात जेलीसारखा मऊ गर. इतर बहुतेक कुत्र्यांत तो म्हातारपणापर्यंत मऊ राहतो. डॅशहाउंडमध्ये पहिल्या वाढदिवसाच्या सुमारासच तो कोरडा पडून खडूसारखा व्हायला लागतो. मग कधीतरी, बहुधा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान, गादी फुटते आणि तो खडू वरच्या मज्जारज्जूवर आदळतो. कारण सोफ्यावरून मारलेली उडी असेल, किंवा काहीच नसेल. परदेशातल्या अभ्यासांचे आकडे बघितले तर साधारण पाचातल्या एका ते चारातल्या एका डॅशहाउंडला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. हा आकडा घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, सासूबाईंसमोरसुद्धा, आणि मग ठरवा.

इथे एक पळवाट विकली जाते, तीही सांगून ठेवते. ‘डीएनए टेस्ट केलीय, आयव्हीडीडी फ्री आहे’ असं कुणी म्हणेल. आयव्हीडीडी हेच या गादीच्या आजाराचं नाव. पण १२व्या गुणसूत्रावरची ती जादा प्रत जवळजवळ प्रत्येक डॅशहाउंडमध्ये असतेच, म्हणून या जातीत त्या टेस्टवरून एक कुत्रा दुसऱ्यापेक्षा चांगला ठरवता येत नाही. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातले जाणकार ब्रीडर वेगळं करतात. कुत्रा दोन ते चार वर्षांचा असताना पाठीचे एक्स-रे काढतात, किती गाद्या चुनकट झाल्या ते मोजतात, आणि ज्याच्या कमी त्यालाच पुढे वंशाला वापरतात. आपल्याकडे असे एक्स-रे घेऊन बसलेला ब्रीडर मला अजून भेटलेला नाही. भेटला तर तो सांगेल त्या भावाला पिल्लू घ्या.

नसेल तर माझी एक साधी युक्ती आहे. बाप म्हातारा शोधा. आठ वर्षांचा नर, अजून तुरुतुरु चालतोय, पाठ सरळ, कधी पाय ओढले नाहीत. त्या नरानं आपली परीक्षा दिलेली आहे. दीड वर्षाचा चकचकीत चॅम्पियन स्टड कितीही देखणा असला तरी त्याची परीक्षा अजून व्हायची आहे. मादीच्या बाबतीत हे जमत नाही, तिची वेतं तरुणपणीच व्हायला हवीत. म्हणून तिची आई विचारायची, म्हणजे पिल्लाची आजी. आजी जिवंत आहे का, किती वर्षांची आहे, जिना चढते का. मावश्या, मामा, आधीच्या वेतातली पिल्लं कुठं गेली, त्यातल्या कुणाचे मागचे पाय गेले का. खरा ब्रीडर इथे गडबडत नाही. तो म्हणतो, ‘हो, एका मामाचं झालं होतं पाच वर्षांचा असताना, ऑपरेशन केलं, म्हणून ती जोडी परत लावली नाही.’ हे उत्तर ऐकून घाबरू नका, हे मला माहीत असलेल्यांपैकी सगळ्यांत चांगलं उत्तर आहे. ‘आमच्याकडे असलं कधीच झालं नाही’ म्हणणारा एकतर कालच धंद्यात आलाय किंवा विकलेल्या पिल्लांना पुन्हा फोन करत नाही.

डॅपलबद्दल. ठिपक्यांचा तो रंग मर्ल नावाच्या जनुकामुळे येतो. आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर कुत्रा ठिपक्यांचा आणि बहुतेक वेळा धडधाकट. पण दोघेही डॅपल असतील तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळतं, आणि अशा ‘डबल डॅपल’ पिल्लात पांढरा रंग पसरतो, बऱ्याचदा डोळे बारीक किंवा अधू निघतात, कानानं ऐकू येत नाही. बाजारात मात्र पांढरट अंग, निळे डोळे म्हणून त्याचाच भाव जास्त. माझ्याकडे असं एक पिल्लू आलं होतं. ‘शांत आहे, हाक मारली तरी येत नाही, ट्रेनिंग कसं द्यायचं’ अशी तक्रार होती. मी त्याच्या मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. त्यानं मान वळवली नाही, पण मालकीणबाईंनी वळवली, आणि त्यांना कळलं. म्हणून डॅपल घ्यायचंच असेल तर दोन्ही पालक डोळ्यांनी बघा, त्यातला एकच ठिपक्यांचा असायला हवा. फिकट क्रीम रंगात ठिपके लपतात, हेही ध्यानात ठेवा. निळसर-राखाडी रंगाची, ‘ब्लू’ म्हणून विकली जाणारी पिल्लं वाढत्या वयात बऱ्याचदा केस गमावून बसतात, त्वचेचे दवाखाने करत राहावं लागतं. माझं सरळ मत: लाल किंवा काळा-तपकिरी घ्या. रंगाचे जादा पैसे देऊ नका, ते पैसे फिजिओथेरपीला लागू शकतात.

मिनिएचरमध्ये, लांब केसांच्यात तसा आखूड केसांच्यातही, डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होणारा एक आनुवंशिक आजार असतो, राठ केसांच्यात लाफोरा नावाचा, झटके आणणारा. दोन्हीच्या डीएनए टेस्ट होतात आणि या खरोखर उपयोगाच्या आहेत. आखूड केसांचं घेत असाल तरी डोळ्यांच्या टेस्टचा कागद मागा.

आता तुमच्या ब्रीडरकडे वळू. ३५ दिवसांचं पिल्लू विकणं कायद्यात बसत नाही. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे नियम केंद्र सरकारनं २०१७ साली काढले. त्यांच्याप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवावी लागते, आणि मादी दीड वर्षाची होण्याआधी तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत. घराघरांतून हे नियम किती पाळले जातात ते तुम्ही-आम्ही जाणतो. पण नोंदणीचा कागद मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ही एक फुकट तपासणी आहे.

आठ आठवड्यांचा आग्रह निव्वळ कायद्यासाठी नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांना चावतं, भावंडं किंचाळून खेळ थांबवतात, आई एक दटावणी देते, आणि दात किती जोरात लावायचे हे तेव्हाच त्याला कळतं. डॅशहाउंड मुळात बिळात शिरून एकट्यानं निर्णय घेणारा कुत्रा आहे, हट्टी आहे, अनोळखी माणसावर पटकन गुरगुरतो. त्याची ही शाळा बुडवली तर तुमच्या सहावीतल्या मुलाची बोटं ती शाळा होतात.

पेपरचं सांगते. केनेल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे केसीआयचा कागद हा जन्मदाखला आहे, तब्येतीचा दाखला नाही. त्यावरून वंशावळ कळते, मणके कळत नाहीत. तरी मी म्हणेन पेपरसकटच घ्या, कारण एकच वेत ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ अशा दोन भावांत विकणं याचा अर्थ मला कधी उमगलेला नाही. वेताची नोंद झालीय किंवा झालेली नाही. कधीकधी अर्थ असा निघतो की कागद दुसऱ्याच वेताचे आहेत आणि ज्याला हवे त्याला चिकटवले जातात. तपासायला सोपं आहे. चिपचा नंबर १५ आकडी असतो. पिल्लू माझ्याकडे किंवा कुठल्याही डॉक्टरकडे आणा, स्कॅनर मानेवरून फिरवला की नंबर दिसतो, तो कागदावरच्या नंबराशी जुळायला हवा. जुळला नाही तर उरलेले पैसे तिथेच थांबवा. आणि मालकी तुमच्या नावावर करून घेण्याची सही त्याच दिवशी घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

जाल तेव्हा घरी जा. पेट्रोल पंपावर, एक्स्प्रेस-वेच्या फूड मॉलवर, बसच्या डिकीतून आलेल्या खोक्यातून पिल्लू घ्यायचं नाही. ‘तुम्हाला त्रास नको, मीच आणून देतो’ हा त्रास मुद्दाम घ्यायचा. घरी गेलात की आधी नाकानं तपासा. पाच-सहा पिल्लांच्या जागी थोडा वास येणारच, पण अमोनियानं डोळे चुरचुरत असतील तर तिथं रोज सफाई होत नाही हे समजा. आईला मोकळं सोडायला सांगा. व्यायलेली कुत्री थोडी हाडकुळी, केस गळालेली, आचळं लोंबणारी असते, ते चालतं. तिनं तुमच्याकडे बघून दोनदा भुंकून मग हुंगायला यावं. कोपऱ्यात अंग चोरून बसत असेल, मालकाच्या हातालाही दबकत असेल, तर पिल्लं तेच शिकत मोठी होताहेत. तिला चालताना मागून बघा. मागचे पाय डुलतात का, नखं फरशीवर घासतात का. घासलेली नखं ही पाठीची चुगली असते.

आवारात लॅब, शिट्झू, पर्शियन मांजरं, सगळ्यांचीच पिल्लं असतील तर तो ब्रीडर नाही, हेडी आहे. चार ठिकाणची पिल्लं एका खोलीत म्हणजे पार्वोची, पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या साथीची, यात्रा. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलनं मरत नाही, ब्लीचनं मरतो. लागण झाल्यापासून उलट्या-हगवण सुरू व्हायला बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणून रविवारी आणलेलं पिल्लू गुरुवारी-शुक्रवारी माझ्या टेबलावर येतं, आणि विकणारा म्हणतो, ‘माझ्याकडून तर ठणठणीत नेलं होतं.’ तो खोटं बोलत नसतो, आणि तिथेच सगळी गोम आहे. व्यवहार करताना एका कागदावर लिहून घ्या: पहिल्या दहा दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर (तसाच दुसरा जीवघेणा साथीचा आजार) निघाला तर काय करायचं, जन्मजात दोष निघाला तर काय, आणि आयुष्यात कधीही सांभाळणं अशक्य झालं तर तो कुत्रा परत घेणार का. शेवटच्या ओळीवर न कुरकुरता सही करणारा ब्रीडर मिळाला तर त्याचा नंबर मलाही पाठवा.

लसीचं कार्ड बघताना स्टिकर बघा. नुसती पेनानं तारीख घातलेलं कार्ड म्हणजे लस नव्हे. बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं हवं, खाली डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. एक डोस झालेलं पिल्लू म्हणजे ‘व्हॅक्सिनेटेड’ नाही, हेही समजून घ्या. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या लशींना चालू देत नाही आणि ती कधी संपेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस देत शेवटचा १६ आठवड्यांनंतर देतात. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. सगळे डोस होईपर्यंत सोसायटीच्या बागेत खाली ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, ढोल-ताशे, सगळं दाखवायचं.

पिल्लाची निवड? पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून शेवटी ठेवलं. बेंबीशी गोटी लागत नाही ना, नराचे दोन्ही अंडकोष हाताला लागतात का, वरचे-खालचे दात जुळतात का, डोळ्यांत चिपडं नाहीत ना, पोट जंतांनी फुगलेलं नाही ना. मग जमिनीवर बसा आणि गप्प राहा. अंगावर धावून येऊन शूजची लेस ओढणारं आणि कोपऱ्यात लपणारं, दोन्ही सोडा. मधलं घ्या. नर की मादी, याला माझ्याकडे उत्तर नाही. मादीला घेतलंत तर माजाच्या दिवसांत खालची सगळी मंडळी तुमच्या गेटवर येतील, एवढंच. नसबंदी या जातीत मी वर्षाच्या आत करत नाही, लवकर केल्यास पाठीचा धोका वाढतो असं दाखवणारे अभ्यास आहेत.

चांगल्या ब्रीडरची खूण आणखी एक. तो तुमचीच मुलाखत घेतो. कितवा मजला, लिफ्ट आहे का, दिवसभर घरात कोण, फरशी कसली, मुलगा कितवीत. त्याच्या या प्रश्नांचा राग मानू नका, कारण तिसऱ्या मजल्याचा प्रश्न मीही विचारणार आहे. हा कुत्रा रोज चार वेळा जिना उतरू शकत नाही. उतरेल, आनंदानं उतरेल, तुम्ही उतरू द्यायचं नाही. लिफ्ट बंद असेल तर उचलून. ‘लिफ्टमध्ये कुत्रा नको’ असा फलक सोसायटीनं लावला असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना नम्रपणे दाखवा, अशी बंदी घालता येत नाही. भुंकण्याबद्दल मात्र शेजाऱ्यांची आधीच माफी मागून ठेवा. बिळात दोन मीटर खाली असलेल्या कुत्र्याचा आवाज वर उभ्या शिकाऱ्याला ऐकू जावा म्हणून त्याला तो छातीचा भाता मिळाला आहे. पाच किलोंच्या कुत्र्यातून पंधरा किलोंचा आवाज येतो.

घरात तयारी फार नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सवर त्याच्या वाटेनं योगा मॅट किंवा जुन्या सतरंज्या टाका, पाय घसरणं म्हणजे पाठीला हिसका. सोफ्याला आणि सासूबाईंच्या दिवाणाला उतरण (रॅम्प) लावा, सुतार प्लायची करून देतो, वर पायपुसणं चिकटवायचं. गळपट्टा फक्त बिल्ल्यापुरता, फिरायला छातीचा पट्टा. आणि मुलाला पहिल्याच दिवशी शिकवा की कुत्रा बगलेत हात घालून उचलायचा नाही; एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. दूध-पोळीवर वाढवू नका, ताटातलं खरकटं तर नाहीच. कांदा, चॉकलेट, बेदाणे आणि नाशिकची द्राक्षं त्याला विष आहेत. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. आजी लोकांच्या प्रेमानं पाचाचा सात किलो झालेला कुत्रा माझ्याकडे आला की मी कुत्र्याला नाही, आजीला रागावते.

आणि एवढं करूनही एखाद्या सकाळी तो दिवाणाकडे बघून थांबला, पाठीची कमान करून उभा राहिला, उचलताना किंचाळला, किंवा चालताना पाऊल उलटं टेकवायला लागला, तर तेल लावून मालिश करू नका. घरातली माणसांची पेनकिलर तर अजिबात देऊ नका, डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचं जठर आणि मूत्रपिंड खातात. पोळपाटापेक्षा मोठा लाकडी पाट घ्या, त्यावर त्याला आडवं निजवून चादरीनं बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मागच्या पायाच्या बोटाला जोरात चिमटा घेतल्यावर वेदना कळत असेल, तर ऑपरेशननंतर दहातले नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ती वेदना गेली असेल तर हे प्रमाण निम्म्यावर येतं, आणि मग तास मोजावे लागतात. साताऱ्याहून एक गृहस्थ चार वर्षांच्या डॅशला मोटरसायकलवर, टॉवेलात गुंडाळून, तिसऱ्या दिवशी घेऊन आले होते. दोन दिवस गावातल्या कुणीतरी पाय चोळले होते. त्या कुत्र्याला पुढे आम्ही चाकांची गाडी केली. तो त्यावर भलताच जोरात पळतो, कोंबड्यांच्या मागे लागतो, पण ते दोन दिवस मला अजून आठवतात.

तेव्हा आज रात्री त्या ब्रीडरला फोन करा. टोकनचं, रंगाचं, पेपरचं काही बोलू नका. एवढंच म्हणा, ‘शनिवारी पिल्लांची आई बघायला येतो, आणि बाप कुठं आहे तेही सांगा. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावरच नेऊ.’ आई गावाला पाठवलीय, आजारी आहे, आत्ताच विकली, असं काही ऐकू आलं तर नमस्कार करून ठेवून द्या. ‘या, पण दुसऱ्या कुठल्या केनेलवरून सरळ येऊ नका, आणि चपला बाहेर काढून हात-पाय धुवायला लागतील, ती जरा भुंकेल’ असं म्हणाला, तर शनिवारी लवकर निघा.